वेचणीतली मान

आमच्याकडे मानेच्या दुखण्याला हंगाम असतो. जूनमध्ये कापसाची टोबणी होते, मग निंदण आणि डवरणी, ऑगस्टपासून फवारणी. दसरा-दिवाळीच्या सुमारास वेचणी सुरू झाली की माझ्या दवाखान्यातल्या बाकावर बसायला जागा उरत नाही. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी फिजिओथेरपी करते. राळेगाव, कळंब, घाटंजी, पांढरकवडा हा सगळा पट्टा कापसाचा. कॉलेजात वाचलेल्या पुस्तकांत मान दुखण्याची कारणं म्हणून संगणकाचा पडदा, लांबचा प्रवास, चुकीची उशी असं बरंच काही होतं. ओटीभर कापूस त्यात कुठेच नव्हता. तो मला माझ्या पेशंटनी शिकवला.

"म्याडम, मान वळूनच नाई रायली," असं म्हणत बाई आत येते. मागून हाक मारली तर मान न वळवता सबंध अंगानं वळते. बोट मात्र मानेवर ठेवत नाही. कानशिलावर ठेवते, कानामागे ठेवते, कधी पाठीत खांद्याच्या पात्याच्या आतल्या कडेला ठेवायचा प्रयत्न करते आणि हात तिथवर पोचत नाही. कुणी डोकेदुखीच्या गोळ्या महिनाभर खाल्लेल्या असतात. कुणी चष्म्याचा नंबर तपासून आलेली असते.

तिचा दिवस पाहिला की हे दुखणं कुठून आलं ते समजतं. पऱ्हाटी, म्हणजे कापसाचं झाड, गुडघ्यापासून छातीपर्यंत उंच असते आणि बोंडं त्या सगळ्या उंचीवर फुटलेली असतात. मान खाली, दोन्ही हात पुढे, बोटांची चिमटी सतत चालू. वेचलेला कापूस ठेवायची कापडी ओटी कुणी कमरेला बांधते, कुणी तिची गाठ खांद्यावरून घेते. ती भरत जाते तसा तिचा सगळा ओढा मान आणि खांदा यांच्या मधल्या उतारावर येतो. संध्याकाळी त्याच कापसाचं गाठोडं डोक्यावर घेऊन धुऱ्यापर्यंत, म्हणजे शेताच्या कडेच्या बांधापर्यंत, न्यायचं. घरी गेल्यावर पाण्याची गुंडं आहेतच. माणसाच्या डोक्याचं वजन चार-पाच किलो असतं. ते सरळ तोललेलं असेल तर मानेला फारसं जड जात नाही, पण पुढे झुकलं की मागच्या स्नायूंना त्याच्या कितीतरी पट ओढ धरून ठेवावी लागते. वेचणीत ते सकाळपासून संध्याकाळपर्यंत झुकलेलंच असतं. आणि मजुरी किलोवर ठरलेली, त्यामुळे कुणी मधे थांबत नाही.

मी तिला स्टुलावर बसवते, खांद्यावरचा ट्रॅपेझियस स्नायू अंगठा आणि बोटांच्या चिमटीत हलकेच उचलते आणि बोटांखालून सरकवते. निरोगी स्नायू मऊ, सलग लागतो. हिच्या स्नायूत मात्र पऱ्हाटीच्या ओल्या काडीसारखी एक ताठ दोरी हाताला लागते, आणि त्या दोरीत एक जागा अशी असते की तिथं दाबलं की बाई दचकून खांदा वर घेते. "हेच! इथी दाबलं त कानशिलात गेलं!" हा शोध तिच्यासाठी मोठा असतो. जे डोकं इतके दिवस दुखत होतं त्याचं मूळ खांद्यावर आहे, हे तिला तिच्याच अंगावर पटतं. कानशिलात आणि डोळ्यामागे जाणारी कळ बहुधा ट्रॅपेझियसच्या वरच्या भागातून येते. मान एका बाजूला वळतच नसेल आणि पात्याच्या आतल्या कडेला ठणका असेल तर मी लेव्हेटर स्कॅप्युलीकडे जाते. हा स्नायू मानेच्या वरच्या मणक्यांपासून पात्याच्या वरच्या कोपऱ्यापर्यंत उतरतो, आणि मान खाली घालून केलेल्या कामाचा मोठा भार त्याच्यावर पडतो. मानेच्या पुढच्या बाजूचे स्केलीन स्नायू तर कळ थेट हातात, अंगठ्यापर्यंत पाठवतात, आणि मग "नस दबली" असं समजून घरचे धास्तावतात.

एका जागी इजा आणि भलतीकडे दुखणं, हे नीट तपासून पाहिलं लंडनच्या जे. एच. केलग्रेन यांनी. त्यांनी १९३८ साली स्वयंसेवकांच्या स्नायूंत खारट पाणी टोचून कळ कुठे कुठे पसरते याची नोंद प्रसिद्ध केली. पुढे अमेरिकेत डॉ. जॅनेट ट्रॅव्हेल यांनी दाबल्यावर अशी कळ पाठवणाऱ्या स्नायूंतल्या गाठींना, म्हणजे ट्रिगर पॉइंटना, वाहून घेतलं. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या जॉन केनेडींच्या पाठीवर त्यांनी उपचार केले, आणि अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांची वैयक्तिक डॉक्टर होणारी पहिली बाई त्या ठरल्या. डेव्हिड सायमन्स यांच्यासोबत त्यांनी लिहिलेल्या ट्रिगर पॉइंटवरच्या ग्रंथाचा पहिला खंड १९८३ साली आला. कोणत्या स्नायूची कळ कुठे जाते याचे त्यातले नकाशे मी आजही उघडून बघते.

गाठ का पडते याचं सायमन्स यांनी मांडलेलं स्पष्टीकरण मी पेशंटला सोपं करून सांगते. मज्जातंतू स्नायूला जिथं आज्ञा देतो तिथं ॲसिटिलकोलीन हे रसायन गरजेपेक्षा जास्त झिरपतं, तेवढ्याच जागचे तंतू आखडून राहतात, आखडल्यामुळे तिथला रक्तपुरवठा आवळला जातो. आता गंमत अशी की स्नायूला आखडायला ऊर्जा लागते तशी सैल व्हायलाही लागते. रक्त कमी, म्हणून ऊर्जा कमी, म्हणून सुटका नाही. हे सगळ्यांना मान्य आहे असं मात्र नाही. २०१५ साली क्विंटनर, कोहेन आणि बोव्ह या संशोधकांनी या कल्पनेवर कडक टीका केली: दोन तपासनीस एकाच गाठीवर बोट ठेवतील याची खात्री नाही, मग तिला रोगाचं मूळ कसं म्हणायचं? मला ही टीका महत्त्वाची वाटते. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलींना मी ती आवर्जून वाचायला लावते. आपण दाबतो त्या जागी दुखणं आहे, दाबल्यावर आणि ताणल्यावर ते उतरतं, एवढं आपण रोज बघतो. पण गाठ सापडली म्हणजे सगळं समजलं या भ्रमात राहिलेला थेरपिस्ट महिनोन्महिने गाठीच दाबत बसतो आणि पेशंट महिनोन्महिने पैसे देत राहतो.

उपचाराची सुरुवात माझ्या अंगठ्यापासून होते. गाठीवर हळूहळू दाब वाढवायचा, सोसवेल तिथं थांबायचं, आणि बोटाखालचा ताठरपणा सैल होईपर्यंत वाट बघायची. अर्धा मिनिट, कधी दीड मिनिट. कचकचून दाबणं हा जुना रिवाज होता. खुद्द सायमन्स यांनीच नंतर दाब हलका करायला सांगितलं. किती दुखतं ते शून्य ते दहाच्या पट्टीवर विचारायचं असं शिकवलेलं असतं. मी आण्यांत विचारते. "सोळा आणे होतं त आता किती?" "बारा." थोड्या वेळानं "आठ." मग "चार आणे रायलं." रुपयातले आणे केव्हाच गेले, तरी आमच्याकडच्या आज्या आणि त्यांच्या सुनाही आण्यांत दुखणं बिनचूक सांगतात.

दाबानंतर लगेच ताण. मला सगळ्यात भरवशाची वाटते ती पद्धत चेक डॉक्टर कारेल लेविट यांनी रूढ केली. लेव्हेटरसाठी बाईनं खुर्चीत बसून दुखऱ्या बाजूच्या हातानं खुर्चीची कड धरायची, नाक विरुद्ध बाजूच्या बगलेकडे वळवायचं. मी डोक्यावर हात ठेवते, ती श्वास घेत माझ्या हाताला अगदी हलकेच विरोध करते, सात ते दहा सेकंद. मग श्वास सोडायचा आणि अंग सोडायचं. स्नायू आपोआप थोडा लांबतो. जिथवर लांबला तिथून पुन्हा. तीन-चार वेळा केलं की मान वळते, आणि वळलेली मान बघून बाई जी हसते त्यासाठी मी हे काम करते.

मशीनबद्दल बोलायला हवं. "करंट लावा ना म्याडम" ही मागणी रोजची. टेन्स आणि आयएफटी या विजेच्या मशीननी काही वेळ दुखणं दबतं, आणि फार ठणकत असेल तर मीही लावते, म्हणजे मग हात लावू देतात. मानेच्या या दुखण्यात अल्ट्रासाउंडच्या उपयोगाचा पुरावा कच्चा आहे. तरी मशीन लावलं की उपचार झाला असं पेशंटला वाटतं, आणि मशीन लावून पेशंट पडद्याआड सोडून देणं थेरपिस्टलाही सोपं जातं. मला हे बरोबर वाटत नाही. ड्राय नीडलिंग म्हणजे औषधाविना बारीक सुई गाठीत घालणं; ते मी शिकले आहे, निवडक पेशंटमध्ये करते. खांद्याच्या उताराखाली फुप्फुसाचं टोक असतं, सुई चुकली तर छातीत हवा भरते. पुढचा दवाखाना तासाभराच्या अंतरावर असलेल्या गावात हा धोका हलक्यात घेता येत नाही.

एक्स-रेचं दुखणं आणखी वेगळं. पिशवीतून तो काळा कागद काढून "मणक्यात गॅप आहे" असं सांगणाऱ्या बाया मी सतत बघते. पन्नाशीनंतर ज्यांची मान कधीच दुखली नाही अशांच्याही एक्स-रेत मणक्यांची झीज दिसते. केस पांढरे होण्यासारखं आहे ते. पण "झीज" हा शब्द ऐकला की बाई मान हलवायलाच घाबरते. मग येतो मानेचा पट्टा. गळ्यात पट्टा आणि कमरेला ओटी अशी वेचणी करणाऱ्या बाया मी शेतात पाहिल्या आहेत. पट्ट्यात मान जखडली की बाई कमरेतून जास्त वाकते, आणि आठवडे लोटले की ज्या स्नायूंनी डोकं तोलायचं तेच दुबळे होतात. हाड मोडलेलं नसेल, मोठी इजा नसेल, तर मी पट्टा काढायलाच सांगते.

काहींच्या मानेवर मात्र मी बोटसुद्धा ठेवत नाही. २०१७ च्या फवारणीच्या हंगामात या जिल्ह्यात कीटकनाशकाच्या विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो लोक यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आणि इतर दवाखान्यांत दाखल झाले. तेव्हापासून फवारणीच्या दिवसांत कुणी "डोकं-मान जड झाली" म्हणून आलं की मी आधी विचारते: आज फवारलं का? मळमळ आहे का? डोळ्यांपुढे धूसर होतं का? घाम, लाळ, बारीक झालेल्या बाहुल्या, यांतलं काही दिसलं तर अंगावरचे कपडे बदलायला लावून आधी गाडी बघायची. फवारणी पंपाच्या पट्ट्यांनी आखडलेली मान उद्या बघता येते.

सिकलसेलही आमच्याकडे आहे, विशेषतः आदिवासी पोडांवर आणि पाड्यांवर. अंगभर दुखतं, ताप आहे, डोळे पिवळे आहेत असं तरुण पोर आलं तर तिथं बर्फ लावणं म्हणजे दुखणं वाढवणं. थंडीनं सिकलसेलचा झटका येऊ शकतो. रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, संध्याकाळचा ताप आणि घटलेलं वजन असेल तर मणक्याच्या क्षयरोगाचा विचार करायचा. चालताना तोल जातो, ब्लाउजचे हूक लावता येत नाहीत, हातातून भांडं निसटतं असं कुणी म्हणालं तर मज्जारज्जूवर दाब असू शकतो; तिला त्याच दिवशी यवतमाळ, नाहीतर नागपूर. आणि डाव्या खांद्यातून जबड्याकडे जाणारी, चालल्यावर वाढणारी कळ घेऊन आलेल्या माणसाचा आधी ईसीजी.

मान झटकून "कट्" आवाज काढून देणारे गावोगाव आहेत. लोकांना त्या आवाजात बरं वाटतं. मेंदूला रक्त नेणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांच्या भोकांतून वर जातात. अचानक पिळा दिला तर त्यांचं अस्तर फाटू शकतं आणि अर्धांगाचा झटका येऊ शकतो. तेल लावून चोळून घ्या, आजीच्या हातचा वाळूच्या पुरचुंडीचा शेक घ्या, त्याला माझी काहीच हरकत नाही. शेक तर मी स्वतः सांगते, पंधरा-वीस मिनिटं, साखरेचा आजार असेल तर आधी पुरचुंडी दुसऱ्याच्या हाताला लावून बघायची. झटका मात्र कुणाच्याच हातून घेऊ नका.

मानेवर हात असताना बाया बोलतात. समोरासमोर बसून जे निघत नाही ते पाठमोरं बसल्यावर निघतं. कर्जाचं, दारूचं, मुलीच्या लग्नाचं. या जिल्ह्यात नवऱ्याच्या आत्महत्येनंतर एकटीनं शेत ओढणाऱ्या बाया आहेत, आणि त्यांच्या माना मी बघितल्या आहेत. खांदे कानाशी चिकटलेले, श्वास फक्त छातीच्या वरच्या भागातून चाललेला, झोप तुटक. अशा मानेतली गाठ मी दाबून सोडवते आणि आठवड्यात ती परत येते. मी मानसोपचार शिकलेली नाही, म्हणून तो आव आणत नाही. पण ऐकून घेते, पोटातून श्वास कसा घ्यायचा ते शिकवते, आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक त्यांच्या मोबाइलमध्ये स्वतः टाकून देते. एक बाई म्हणाली होती, "इथी येऊन बसली त अर्धं दुखणं असंच जाते." ते अर्धं दुखणंही खरंच होतं.

आता सगळ्यात अवघड भाग. "आठ दिवस आराम करा" हे वाक्य मी वापरत नाही. "वेचाले नाई गेली त घर कसं चालन?" याला माझ्याकडे उत्तर नाही. रोज या, दहा दिवस या, हेही सांगता येत नाही. एका फेरीत एका दिवसाची मजुरी जाते आणि एसटीचं भाडं वेगळं. बहुतेक जणी आठवडी बाजाराच्या दिवशी येतात, एका हातात भाजीची पिशवी घेऊनच. म्हणून जे काही घरी करायचं ते पहिल्याच भेटीत शिकवून सोडायचं असा माझा नेम आहे. पोरांचा रबरी चेंडू भिंत आणि पाठ यांच्या मधे धरून गाठीवर टेकायचा. हनुवटी आत ओढून डोकं मागे न्यायचं, डबल हनुवटी करतो तसं, पाच सेकंद. यानं मानेच्या पुढचे खोलवरचे स्नायू जागे होतात. त्यांच्याशिवाय मागचे स्नायू एकटेच डोकं ओढत राहतात. खांद्याची पाती एकमेकींकडे ओढायची. हे व्यायाम शेतातच करायचे, पऱ्हाटीचं एक तास, म्हणजे एक ओळ, संपलं आणि दुसऱ्याकडे वळायचं तेव्हा. वेगळा वेळ काढायला सांगितलेला व्यायाम आमच्याकडे कुणी करत नाही, आणि त्यात त्यांचा दोष नाही. ज्यांनी हे व्यायाम चालू ठेवले त्यांचं दुखणं लांब राहिलं, हे मी अनेकींत बघितलं आहे. दाबण्यानं मान सुटते, पण सुटलेली टिकते ती व्यायामानं आणि कामाची रीत बदलल्यानं.

फवारणारे पुरुष फार उशिरा येतात. सोळा लिटरचा पंप म्हणजे सोळा किलो पाणी, वर पंपाचं स्वतःचं वजन, आणि ते सगळं दोन अरुंद पट्ट्यांवर. एक पट्टा घातला आणि दुसरा मोकळा सोडला की पट्ट्याची बाजू दिवसभर खांदा उचलून धरते. जुन्या गोधडीचा तुकडा शिवून पट्टे रुंद करा, दोन्ही पट्टे सारखे आवळा, टाकी दहा-बारा लिटरच भरा, एवढं मी सांगते. गोधडीचं ऐकतात. टाकी कमी भरायचं ऐकत नाहीत, कारण औषधाचं माप पूर्ण टाकीवर ठरलेलं असतं. ते माप कमी पाण्याला कसं लावायचं हे मी कृषी विभागाच्या माणसाला विचारायला पाठवते. तो हिशेब माझा नाही.

ओटीचंही तसंच. ओटी खांद्यावरून न घेता कमरेला बांधा, तुडुंब भरायच्या आधी रिकामी करा, खालची बोंडं उकिडवं बसून वेचा, असं मी बचत गटाच्या बैठकीत सांगत होते तेव्हा एका वयस्क मावशींनी मला अडवलं. "ओटी लहान त फेऱ्या जास्त, फेऱ्या जास्त त किलो कमी. हे हिशोबात धरलं काय तुमी?" प्रश्न रास्त होता. त्यांनीच मग काही दिवस दोन्ही तऱ्हांनी वेचून पाहिलं. काट्यावर फारसा फरक पडला नाही असं त्यांनी सांगितलं, पण एका अटीवर: कापूस ओतायची ताडपत्री धुऱ्यावर असेल तर दर फेरीला सगळं शेत तुडवावं लागतं, ती शेताच्या मधोमध हवी. आता ताडपत्री कुठे टाकायची हे मजूर बाई ठरवत नाही, शेताचा मालक ठरवतो. म्हणून यंदा वेचणी लागायच्या आधी मी त्यांच्याच गावातल्या शेतकऱ्यांच्या बैठकीला गेले, मावशींना सोबत घेऊन. बोलल्या त्याच. दोन मालक हो म्हणाले. बाकीचे म्हणाले, मधे टाकली तर गाडी आत न्यावी लागेल आणि उभं पीक तुडवलं जाईल. गाडी आत न नेता मधल्या ताडपत्रीवरचा कापूस धुऱ्यापर्यंत कसा आणायचा, आणि तो पुन्हा बायांच्याच डोक्यावरून येणार का, यावर आमची बैठक अजून चालू आहे.